झारडॉझ (१९७४): न कळणाऱ्या पिक्चरला ठिगळ नेमकं कुठे लावायचं?

लाल लंगोट, छातीवर काडतुसांचे आडवेतिडवे पट्टे, मांडीपर्यंत चढलेले बूट, मागे बांधलेले लांब केस, झुपकेदार मिश्या आणि हातात रिव्हॉल्व्हर घेतलेला शॉन कॉनरी. हा फोटो बघितलेली माणसं ढिगानं सापडतील, अख्खा पिक्चर बघितलेली मोजकीच. पिक्चर 'झारडॉझ', साल १९७४, लेखक, दिग्दर्शक आणि निर्माता तिन्ही जॉन बूरमन. याच्याबद्दल एक ठरलेली गोष्ट सांगतात की एक मोठा हिट दिल्यावर दिग्दर्शकाच्या डोक्यात हवा गेली, स्टुडिओनं त्याला मोकळं सोडलं आणि त्यानं मनाला येईल ते केलं, झालं. मला ही गोष्ट अर्धीच पटते. मोकळीक मिळाली हे खरं, पण पिक्चर जिथे घसरला तिथे मोकळीक नडलेली नाहीये, उलट लोकांना कळावं म्हणून जी मेहनत घेतली तीच चुकीच्या जागी पडली. ते कसं झालं तेच इथे नीट मांडतो. ज्यांना पिक्चर बघायचाय त्यांनी आत्ताच थांबा, पुढे सगळं फोडणार आहे.

पार्श्वभूमी

१९७२ ला बूरमनचा 'डिलिव्हरन्स' आला आणि जोरात चालला, ऑस्करची तीन नॉमिनेशन्स, त्यातलं एक बेस्ट पिक्चरचं. त्याच्या आधीची एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. १९७० च्या आसपास बूरमन युनायटेड आर्टिस्ट्ससाठी 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' करणार होता, रोस्पो पॅलनबर्गबरोबर बसून स्क्रिप्ट पूर्ण लिहिली होती आणि मग स्टुडिओनं खर्च परवडत नाही म्हणून ते बासनात बांधलं. म्हणजे या माणसाच्या डोक्यात एक अख्खं कल्पित जग, त्याचे नियम, त्याच्या जमाती, सगळं तयार होऊन पडलेलं आणि त्याला बाहेर पडायला वाट नाही. 'डिलिव्हरन्स'च्या यशानं ती वाट उघडली. फक्त आता त्याला दुसऱ्याचं जग नको होतं, स्वतःचं हवं होतं.

'डिलिव्हरन्स' वॉर्नरचा होता, पण या नव्या स्क्रिप्टला वॉर्नरनं हात लावला नाही. शेवटी ट्वेंटिएथ सेंचुरी फॉक्सनं घेतली, आणि ती कशी घेतली याचा किस्सा बूरमननं नंतर सांगितलाय तो भारी आहे. त्याच्या एजंटनं स्टुडिओच्या साहेबांना लंडनमधे स्क्रिप्ट वाचायला दिली आणि सांगितलं की दोन तासात काय ते ठरवा. साहेब वाचून बाहेर आले, हात थरथरतायत, काय वाचलं याचा काही पत्ता नाही, आणि ते तोंड उघडायच्या आत एजंट पुढे होऊन म्हणाला अभिनंदन! झालं, पिक्चर मंजूर. किस्सा सांगणारा दिग्दर्शक आहे तेव्हा थोडं मीठमसाला धरा, पण यातली पहिली निर्णयाची जागा बघण्यासारखी आहे. "मला हे कळलं नाही" असं म्हणण्याची हक्काची वेळ स्टुडिओकडे ती एकच होती, आणि ती तिथेच निसटली. पुढे जे प्रेक्षकांचं झालं ते सगळ्यात आधी पैसे देणाऱ्याचं झालं होतं.

बजेट अगदी लहान, दहा-पंधरा लाख डॉलर्सच्या घरातलं. बदल्यात ढवळाढवळ नाही. हीरो म्हणून आधी बर्ट रेनॉल्ड्स ठरला होता, 'डिलिव्हरन्स'मधलाच, तो आजारपणामुळे बाहेर पडला. मग शॉन कॉनरी. आज वाचून विचित्र वाटेल पण १९७३ मधे कॉनरीला कामाची ददात होती. १९७१ चा 'डायमंड्स आर फॉरेव्हर' करून त्यानं बाँडला रामराम ठोकला होता आणि बाँड नसलेला कॉनरी कुणाला हवाय हा प्रश्नच होता. त्यामुळे जगातला एवढा मोठा स्टार या चिमुकल्या बजेटमधे बसला.

शूटिंग आयर्लंडमधे, विकलो काउंटीत. बूरमन तिथेच राहायचा, स्टुडिओ ब्रे गावातला आर्डमोर. कॅमेऱ्यावर जेफ्री अन्सवर्थ, म्हणजे ज्यानं '२००१: अ स्पेस ओडिसी' शूट केला आणि नुकतंच 'कॅबरे'साठी ऑस्कर घेतलं तो माणूस. संगीत डेव्हिड मन्रोचं, हे मध्ययुगीन वाद्यांमधले दर्दी, आणि त्याच्या जोडीला बीथोवनच्या सातव्या सिंफनीचा दुसरा भाग. कपडे बूरमनच्या बायकोनं, क्रिस्टेलनं डिझाइन केलेले. हो, तो लंगोटसुद्धा.

गोष्ट काय आहे

थोडक्यात सांगायचं तर जमत नाही, तरी प्रयत्न करतो. साल २२९३. बाहेरच्या उजाड जगात 'ब्रूटल' लोक राहतात, त्यांना मारणारे 'एक्स्टर्मिनेटर' घोड्यावरून फिरतात आणि या मारेकऱ्यांचा देव म्हणजे झारडॉझ, एक प्रचंड दगडी डोकं जे आकाशातून उडत येतं. ते खाली उतरतं, बंदूक चांगली आणि लिंग वाईट असा उपदेश करतं (खरंच) आणि मग तोंडातून भडाभडा बंदुका ओकतं. बदल्यात धान्य घेऊन जातं. कॉनरी म्हणजे झेड, असाच एक मारेकरी, या डोक्यात धान्याच्या ढिगाखाली लपून आत शिरतो आणि 'व्होर्टेक्स'मधे पोचतो. तिथे अमर लोक राहतात, इटर्नल्स. म्हातारपण नाही, मरण नाही, मेलात तर टॅबर्नॅकल नावाचं एक स्फटिकातलं यंत्र तुमचं शरीर परत वाढवून देतं. सगळे निर्णय मतदानानं. वाईट विचार केला तर शिक्षा म्हणून वय काही वर्षांनी वाढवतात, पण मरू देत नाहीत. जे फार गुन्हे करतात ते कायमचे म्हातारे होऊन एका हॉलमधे गाणी लावून नाचत बसतात, आणि ज्यांना कंटाळा आला ते नुसते उभे राहतात, डोळे उघडे, आत काही नाही.

आपल्याला हे नवीन नाही म्हणा. कपाळावरच्या जखमेला तेल मागत दारोदार फिरणारा अश्वत्थामा लहानपणी ऐकलेला असतो, चिरंजीव असणं हा वर नसून शाप असू शकतो हे आपल्याला पाचवी-सहावीतच माहीत असतं. बूरमननं ती एका माणसाची शिक्षा अख्ख्या सोसायटीला दिलीय, आणि वर त्यांना सुशिक्षित, शाकाहारी-छाप, सतत मीटिंगा घेणारं बनवलंय. मला हा भाग आजही फार धारदार वाटतो.

या अमरांमधली मे (सारा केस्टेलमन) म्हणते झेडचा अभ्यास करू, कन्सुएला (शार्लट रॅम्पलिंग) म्हणते आत्ता मारून टाका. पुढे कळतं की झेड वाटतो तसा अडाणी नाहीच. दगडी देवाचा खेळ चालवणारा आर्थर फ्रेन हाही एक अमरच, त्यानं मुद्दाम पिढ्यान्‌पिढ्या निवड करून झेडला जन्माला घातलंय आणि एका पडक्या लायब्ररीत त्याला वाचायला शिकवलंय. तिथेच झेडला 'विझर्ड ऑफ ऑझ' हे पुस्तक सापडतं, ज्यातला महान जादूगार शेवटी पडद्यामागचा साधा माणूस निघतो. 'विझर्ड'मधलं 'झर्ड' आणि 'ऑझ' जोडलं की झारडॉझ, अक्षरं जुळतात, आणि त्याला कळतं की आपला देव म्हणजे पडद्यामागे बसलेला एक माणूस. मग सूड. शेवटी टॅबर्नॅकल फुटतं, एक्स्टर्मिनेटर आत घुसतात आणि अमर लोक हसत, हात पसरून गोळ्या खातात कारण सुटका झाली.

अडचण

पिक्चर कापून जोडून तयार होत आला तेव्हा बघणाऱ्यांना तो कळत नव्हता, आणि हे बूरमनलाही दिसत होतं. आता "कळत नाही" ही तक्रार सगळ्यात फसवी असते कारण तक्रार करणारा नेमकं कुठे हरवला हे त्यालाही सांगता येत नाही. तो शेवटाला येऊन म्हणतो काही कळलं नाही, आणि बनवणारा समजतो की सुरुवातीलाच काहीतरी समजावून सांगायला हवं.

पण सुरुवात बघा ना. दगडी डोकं ढगातून येतं, घोडेस्वारांच्या तोंडावर त्याच देवाचे मुखवटे, ते गुडघे टेकतात, डोकं गरजतं आणि तोंडातून रायफलींचा पूर. मग डोक्याच्या आत, धान्याच्या राशीतून आधी हात येतो, हातात रिव्हॉल्व्हर, मग कॉनरी. तो आजूबाजूला प्लॅस्टिकमधे गुंडाळलेले नागडे देह बघतो, मग उघड्या तोंडाशी उभा असलेला एक झगेवाला माणूस दिसतो आणि झेड त्याला गोळी घालतो, तो खाली पडतो. यात न कळण्यासारखं काय आहे? सगळं विचित्र आहे पण प्रश्न एकदम स्वच्छ आहेत. हा देव कोण, हे डोकं कुठे चाललंय, याला आत का शिरायचं होतं. बघणारा या तीन प्रश्नांवर अर्धा तास आरामात बसेल.

हरवतो तो व्होर्टेक्समधे गेल्यावर. तिथे एकदम आठ-दहा नियम अंगावर येतात, कपाळातले स्फटिक, मतदान, ध्यानाची सेकंड लेव्हल, म्हातारं करण्याची शिक्षा, बधिर लोक, म्हातारे लोक, आणि हे सगळं समजून घ्यायला ज्याच्या खांद्यावर आपण बसलोय तो झेड फारसा बोलतच नाही. नुसता बोलत नाही असं नाही, तो आपल्यापासूनही लपवतोय. त्याला किती माहितीय, तो का आलाय, हे आपल्याला खूप उशिरा फ्लॅशबॅकमधे कळतं. म्हणजे जग अनोळखी आणि वाटाड्याही अनोळखी. माझ्या मते पिक्चरची खरी गळती इथे आहे. यातलं एक काहीतरी उघडं ठेवायला हवं होतं.

समोर काय पर्याय होते

हे पर्याय कुणी कागदावर यादी करून मांडले होते असा माझा दावा नाही, त्या काळात अशा अडचणीत लोक जे करायचे त्यावरून मी मांडतोय.

पहिला, काहीच करायचं नाही. याला मोठा दाखला होता आणि तो सेटवरच होता. अन्सवर्थनं शूट केलेल्या '२००१' साठी दिग्दर्शक कुब्रिकनं शास्त्रज्ञांच्या मुलाखतींची प्रस्तावना शूट करून ठेवली होती, निवेदनही लिहून घेतलं होतं, आणि शेवटी दोन्ही उडवलं. लोक वैतागले, मधूनच उठून गेले, आणि तरी पिक्चर चालला. पण तिथे मागे एमजीएम स्टुडिओचे कोटीभर डॉलर्स होते आणि स्पेसशिप बघायला तरी माणूस बसायचा. इथे लंगोट होता.

दुसरा, कात्री. व्होर्टेक्समधली एखादी जमात किंवा एखादा नियम काढून टाकायचा. हे बूरमनला जिवावर आलं असणार, कारण एक अख्खं जग आधीच एकदा स्टुडिओनं त्याच्याकडून काढून घेतलेलं होतं. हा माझा अंदाज आहे, पण पिक्चर बघताना जाणवतं की यातलं काहीही टाकून द्यायची त्याची तयारी नाही.

तिसरा, झेडच्या आवाजात निवेदन. स्वस्त आणि स्टुडिओंचा लाडका उपाय, पुढे १९८२ मधे 'ब्लेड रनर'ला तो लावला आणि दहा वर्षांनी काढला ते प्रसिद्धच आहे. इथे तो चाललाच नसता कारण झेड बोलला तर त्याचं गुपितच राहत नाही.

चौथा, सुरुवातीला एक प्रस्तावना जोडायची. हाच घेतला.

काय केलं

आज पिक्चर सुरू होतो तो असा. काळा पडदा. त्यावर एक माणसाचं डोकं तरंगतंय, नुसतं डोकं, धड नाही. डोक्यावर कापड गुंडाळलेलं, आणि मिशी-दाढी खरी नाही, पेननं काढलेली, अगदी शाळेच्या गॅदरिंगला काढतात तशी. हे डोकं पडद्यावर हळूहळू सरकत जवळ येतं आणि सांगतं की मी आर्थर फ्रेन, मीच झारडॉझ, मी तीनशे वर्षं जगलोय आणि मला मरायची इच्छा आहे पण मरण येत नाही, मी धंद्यानं खोटा देव आहे, या खेळातली माणसं मी नाचवतो. मग आपल्यालाच विचारतो की तुम्हाला कुणी बनवलं, देवसुद्धा आमच्याच लायनीतला का?

फ्रेन झालेल्या नाइल बगीनं हे फार मजा घेऊन केलंय, आणि स्वतंत्र तुकडा म्हणून मला तो आवडतो. पण त्यानं काय काय केलं बघा. वर जे तीन स्वच्छ प्रश्न म्हटले त्यातला सगळ्यात मोठा, हा देव कोण, याचं उत्तर पहिल्या दोन मिनिटात देऊन टाकलं. त्यामुळे दगडी डोकं ढगातून येतं तेव्हा आपल्याला आधीच माहीत असतं की हे सोंग आहे. भीती गेली. आणि तासाभरानंतर लायब्ररीत झेडच्या हातात ते पुस्तक पडतं, तो संतापानं वेडा होतो, पिक्चरमधला हा सगळ्यात मोठा धक्का आहे, आणि आपण मख्खपणे बसलेले असतो कारण आपल्याला हे तिकीट फाडल्याफाडल्या सांगितलेलं होतं. धक्का फक्त झेडला बसतो.

आणि व्होर्टेक्सबद्दल? प्रस्तावनेत कामाचं काही नाही. स्फटिक नाही, मतदान नाही, म्हातारं करणं नाही. पाणी स्वयंपाकघरात गळतंय आणि ताडपत्री ओसरीवर टाकली, असा प्रकार झाला. जिथे लोक हरवत नव्हते तिथे दिवा लावला आणि जिथे हरवत होते तिथे अंधार तसाच.

याच्या उलट, पैसा नसल्यामुळे जे निर्णय घ्यावे लागले ते जवळजवळ सगळे बरोबर पडले, आणि हे कुणी फारसं बोलत नाही. इफेक्ट्ससाठी बजेट नाही म्हणून बरंच काही कॅमेऱ्यातच उरकलंय, आरसे, प्रोजेक्शन, धुकं. झेडला सगळं ज्ञान स्पर्शातून देतात तो सीन घ्या. आज हे करायला सांगितलं तर कॉम्प्युटरवर निळ्या रेघा उडवतील. इथे अंधारात उघडी शरीरं आहेत आणि त्यांच्यावर प्रोजेक्टरनं अक्षरं, चित्रं, आकृत्या टाकल्यात, चेहऱ्यावरून ओळी सरकतायत, गालाच्या उंचवट्यावर अक्षर वाकडं होतंय. खर्च म्हटला तर नगण्य, आणि ज्ञान अंगात भिनणं याच्यापेक्षा सरळ कुणी दाखवू शकेल असं मला वाटत नाही. टॅबर्नॅकलच्या आतली आरशांची मारामारीही तशीच. अन्सवर्थनं सगळ्यावर तो मऊ धूसर पडदा ठेवलाय, विकलोची ओली हिरवळ त्यात अशी दिसते की हे लोक खरंच शतकानुशतकं एकाच दुपारी अडकलेत. ब्रिटिश अकॅडमीचं सिनेमॅटोग्राफीचं नॉमिनेशन मिळालं याला, ते उगाच नाही.

शेवटचा सीन तर धड्यासारखा आहे. गुहेत झेड आणि कन्सुएला बसलेत, कॅमेरा हलत नाही. मांडीवर बाळ येतं, बाळाचा मुलगा होतो, मुलगा उठून निघून जातो, हे दोघं हात धरतात, म्हातारे होतात, सांगाडे होतात, आणि मग तेही नाहीत, भिंतीवर फक्त रंगवलेले हाताचे ठसे आणि टांगलेलं रिव्हॉल्व्हर. मागे बीथोवन. एक शब्द नाही आणि सगळं कळतं. ज्या पिक्चरला समजावून सांगायला डोकं तरंगवावं लागलं त्याच पिक्चरमधे हा सीन आहे! बूरमन सांगतो की यासाठी कॉनरीला तासन्‌तास मेकअपला बसवलं, शूट झालं आणि निगेटिव्ह खराब निघाली, परत सगळा मेकअप करून शूट केलं आणि एका कॅमेरा असिस्टंटकडून फिल्मला उजेड लागला. तिसऱ्यांदा बसायची वेळ आली तेव्हा कॉनरी त्या पोराच्या जिवावर उठला होता म्हणे. पोराचं नाव इथे महत्त्वाचं नाही. महत्त्वाचं हे की एवढ्या लहान बजेटमधेही इथे तडजोड केली नाही, आहे त्यावर भागवू म्हटलं नाही.

निकाल

फेब्रुवारी १९७४ ला अमेरिकेत रिलीज झाला. पोस्टरवर १९८४ च्या पलीकडे, २००१ च्या पलीकडे, प्रेमाच्या पलीकडे, मरणाच्या पलीकडे अशा छापाची ओळ. म्हणजे विकताना '२००१' च्या प्रेक्षकाला बोलावलं आणि दार उघडल्यावर पेननं मिशी काढलेला माणूस उभा. अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्टनं चारपैकी अडीच तारे दिले आणि लिहिलं की हा भविष्यकाळ कायम नशेत असलेल्या सेट डेकोरेटर लोकांच्या ताब्यात गेल्यासारखा दिसतो. तो तरी प्रेमानं हसत होता, बाकीच्यांनी सरळ धुतलं. बॉक्स ऑफिसवर पडला. बजेट कमी असल्यानं कुणाचं दिवाळं मात्र वाजलं नाही, आणि याच फॉक्सनं तीन वर्षांनी 'स्टार वॉर्स' काढला, तेव्हा सायन्स फिक्शनवरचा विश्वास उडाला असंही म्हणता येत नाही. कॉनरीनं पुढच्याच वर्षी 'द मॅन हू वुड बी किंग' केला आणि बाँडच्या सावलीतून कायमचा बाहेर आला.

मग हळूहळू वेड्या चाहत्यांचा पंथ तयार झाला, ज्याला कल्ट म्हणतात तो. रात्रीचे खेळ, व्हिडिओ, डीव्हीडी, २०१५ मधे चकाचक ब्लू-रे. आणि इथे माझ्या वरच्या सगळ्या म्हणण्याला एक खोच आहे ती प्रामाणिकपणे सांगायला हवी. ज्या प्रस्तावनेला मी नावं ठेवतोय तीच आज चाहत्यांची लाडकी आहे. ते डोकं दिसलं की थिएटरात शिट्ट्या पडतात. पहिल्या दोन मिनिटात ती तुम्हाला सांगते की हे गंभीरपणे घेऊ नका, आणि कल्ट प्रेक्षकाला नेमकी तीच परवानगी हवी असते. म्हणजे ठिगळ म्हणून फसलं, पण पन्नास वर्षं पिक्चर जिवंत ठेवायला त्याचा हात आहे. मला वाटतं याची किंमत दुसरीकडे मोजली गेली, पिक्चरमधली जी खरोखर धारदार गोष्ट आहे, अमरांच्या कंटाळ्याची, तिच्याकडे लोक हसण्याच्या नादात बघतच नाहीत.

लंगोटाचंही तसंच झालं. पिक्चरमधे तो अख्ख्या टोळीचा गणवेश आहे. मुखवटे घातलेले, एकसारखे लाल पट्टे बांधलेले पन्नासेक घोडेस्वार एकदम दिसतात तेव्हा हसू येत नाही, जरा टरकायलाच होतं. फोटोत मात्र एकटा कॉनरी, बिनमुखवट्याचा, आणि मग तो फॅन्सी ड्रेसमधे वाट चुकलेला बाँड दिसतो. प्रसिद्धीसाठी एकट्या हीरोचे फोटो पाठवणं हा तेव्हाचा शिरस्ता, कुणी विचारही केला नसेल. पण आज पिक्चरची सगळी अब्रू त्या एका फोटोवर टांगलेली आहे.

वेगळं काय करता आलं असतं

एक तर, अभिनंदन म्हणायच्या आधी कुणीतरी त्या साहेबांना विचारायला हवं होतं की कितव्या पानावर हरवलात? मोकळीक देणं आणि प्रश्न न विचारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इथे एकीच्या नावाखाली दुसरी खपली. स्क्रिप्ट असताना व्होर्टेक्सचे चार नियम कमी करायला एक पेन्सिल लागते, शूटिंग झाल्यावर तेच करायला पिक्चरचा लचका तोडावा लागतो.

दुसरं, लायब्ररीचा फ्लॅशबॅक लवकर आणायचा, निदान अर्धा. झेड वाचू शकतो एवढंच जर व्होर्टेक्समधे शिरल्यावर दहा मिनिटात आपल्याला कळलं आणि अमरांना कळलं नाही, तर पारडंच फिरतं. मग आपण त्याच्या बाजूचे होतो, ते त्याला जनावर समजून परीक्षा घेतायत आणि आपल्याला माहितीय की हा सगळं वाचून आलाय. नियम कितीही येऊ देत, आपल्याला धरायला एक दोरी असते. पुस्तक कुठलं हे शेवटपर्यंत लपवून ठेवता आलं असतं. हे एडिटिंग टेबलावर जमलं असतं का? मला वाटतं बऱ्याच अंशी जमलं असतं, तो फ्लॅशबॅक तसाही आठवणीच्या तुकड्यातच येतो, तुकडे हलवायचे होते.

तिसरं, सुरुवातीला काही सांगायचंच तर ते पात्राच्या तोंडून नको, आणि गुपिताबद्दल तर नकोच. जग कुठलं, साल कुठलं, कोण बाहेर आणि कोण आत, संपलं.

हे मी आज बसून शहाणपणा शिकवतोय असं वाटेल, पण बूरमननं स्वतः पुढे काय केलं ते बघा. १९७७ मधे त्याचा 'एक्झॉर्सिस्ट'चा दुसरा भाग आला, पहिल्याच खेळांना लोक नको तिथे हसले आणि त्यानं रिलीज झालेला पिक्चर परत कापायला घेतला. तेव्हाही उशीर झाला होता. मग १९८१ चा 'एक्सकॅलिबर'. परत विकलो, परत आर्डमोर, परत एक अख्खं कल्पित जग, जादूगार आणि तलवारी आणि वंशावळी, म्हणजे गोंधळायला 'झारडॉझ'पेक्षा जास्त वाव. तो सुरू होतो काळ्या पडद्यावरच्या मोजक्या वाक्यांनी, अंधारयुग, देश फुटलेला, राजा नाही, मर्लिन नावाचा एक जादूगार आणि एक तलवार येणार. अर्ध्या मिनिटात लगेच धुरातून घोडे. कोण कुणाचा मुलगा, तलवारीचं काय होणार, मर्लिनच्या मनात काय आहे, यातलं काहीही आधी फोडलेलं नाही. तो पिक्चर चालला.